लोहाला दोन संयुजा का असतात? (सुरुवात बोअरच्या बादलीतून)

कासारवडवलीकर | शनिवार, सकाळी ९:१२

धाग्याचं नाव बघून पळू नका. आधी बादलीची गोष्ट ऐका.

गेल्या मंगळवारी आमच्या सोसायटीत टँकर आला नाही, म्हणून सेक्रेटरींनी बोअरची लाईन चालू केली. नळाला आलेलं पाणी अगदी नितळ. मी दोन बादल्या भरून मोरीत ठेवल्या नि ऑफिसला गेले. संध्याकाळी बघते तर पाण्याला फिक्या चहाचा रंग आणि तळाला तपकिरी साका. सेक्रेटरींना फोन लावला, तर म्हणाले, "मॅडम, वापरायचं पाणी आहे, प्यायचं नाही."

लेक नववीत आहे. ती म्हणाली, "आई, त्यात लोह आहे. फेरसचं फेरिक झालं." पुस्तक काढून दाखवलं: संयुजा म्हणजे अणू बंध बांधताना किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो तो आकडा; लोहाची २ (फेरस) किंवा ३ (फेरिक), तांब्याची १ (क्युप्रस) किंवा २ (क्युप्रिक), नाव काय तर परिवर्ती संयुजा. मग तिनेच विचारलं, "सोडियम कायम १, मॅग्नेशियम कायम २, मग लोहालाच दोन का?" क्लासच्या सरांनी सांगितलं, "ते संक्रामक मूलद्रव्य आहे म्हणून." हे म्हणजे "उशीर का झाला?" विचारल्यावर "हार्बर लाईन आहे म्हणून" सांगण्यासारखं झालं. ऐकायला उत्तर वाटतं, पण कारण कुठे कळलं?

मी कॉमर्सवाली. इथे बरेच जाणकार आहेत. नववीच्या मुलीला पटेल असं सांगा कुणीतरी.

चौथी_सीट | शनिवार, सकाळी ९:३०

जागा धरून ठेवतो. मास्तर येतीलच.

कोपरीची_काकू | शनिवार, सकाळी ९:५१

अवांतर: त्या पाण्यात पांढरे कपडे भिजवू नकोस बाई. आणि पिवळे डाग पडलेच तर ब्लीच अजिबात टाकू नकोस, डाग पक्के होतात. मी दोन चादरी घालवल्यात. लिंबू चोळायचं, उन्हात नाही टाकायचं, लगेच धुवायचं. का ते मास्तर सांगतील, मला फक्त इलाज माहीत आहे.

निवृत्त_मास्तर | शनिवार, सकाळी ११:०५

काकूंचा इलाज बरोबर आहे, त्याचं कारण शेवटी येईल.

कासारवडवलीकर, तुमच्या लेकीचा प्रश्न फार चांगला आहे. त्याचं सरळ उत्तर मिळत नाही याला आम्ही मास्तर लोकच जबाबदार. आम्ही वर्गात सांगतो, अणूला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायची हौस असते. बत्तीस वर्षं मीही तेच सांगितलं, कारण नववीत ते चालून जातं. पण लोहाशी गाठ पडली की ही हौस कामाची नाही. तिला एक करून बघायला सांगा. लोहाचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १४, २. त्यातून दोन गेले की २, ८, १४. तीन गेले की २, ८, १३. अष्टक कुठेय? दोन्हींत नाही.

म्हणजे हौस सोडायची आणि हिशेब धरायचा. अणूतून इलेक्ट्रॉन फुकट कधीच निघत नाही. सोडियम "आनंदाने" इलेक्ट्रॉन देतो असं आपण म्हणतो, पण सुट्या अणूतून तो काढायला मोलमागे (अणूंच्या एका ठरावीक मापामागे) ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. हा खर्च कोण भरतं? धन आणि ऋण आयन (इलेक्ट्रॉन दिलेले किंवा घेतलेले अणू) एकमेकांना चिकटून स्फटिक बांधतात तेव्हा सुटणारी ऊर्जा. मिठाच्या बाबतीत ती मोलमागे सुमारे ७८७. परतावा खर्चाला पुरला की संयुग टिकतं.

आता आकडे बघा, सगळे मोलमागे किलोज्यूलमध्ये. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६, दुसरा ४५६२. एकदम नऊपट, कारण दुसरा आतल्या कवचातला आहे. मॅग्नेशियमचे ७३८, १४५१ आणि तिसरा एकदम ७७३३. असा कडा समोर आला की तिथेच थांबायचं, म्हणून संयुजा एकच.

आणि लोह? ७६२, १५६१, २९५७. इथे कडा नाही, चढ आहे. दोनवर थांबलं तरी परवडतं आणि समोर तगडं गिऱ्हाईक असेल तर तिसराही परवडतो. चौथा ५२००च्या पुढे, तो साध्या आयनासाठी कुणाला परवडत नाही. म्हणून २ किंवा ३.

चौथी_सीट | शनिवार, सकाळी ११:४०

मास्तरांना दंडवत. पण चढ का, कडा का नाही, हे राहिलं ना? माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे, चूक असेल तर कान धरा.

इलेक्ट्रॉन कक्षिका नावाच्या कप्प्यांत बसतात; ४एस, ३डी ही त्या कप्प्यांच्या गटांची नावं. लोहाचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन ४एसमध्ये. आत ३डीमध्ये सहा. डीच्या कक्षिका पाच. आता लोकलचा बाक डोळ्यांसमोर आणा, फक्त तिघांऐवजी पाच जणांचा. पाच जण ऐसपैस बसलेत आणि सहावा "जरा सरकून घ्या" म्हणत टेकलाय. ही आपली चौथी सीट! अर्धं बूड बाहेर आणि शेजाऱ्याचं कोपर बरगडीत. गाडी हलली की पहिला कोण उठणार?

दारातले दोघे (४एस) उतरले की फेरस. टेकलेला सहावाही उठला की फेरिक, आणि मग पाच जागा, पाच माणसं.

खारीगावची_खारूताई | शनिवार, दुपारी १२:१५

दृष्टांत झकास आहे, पण मी जरा खोडा घालते.

१. पुस्तकात ४एस आधी भरतं, ३डी नंतर. मग नंतर आलेले आधी उतरायला हवेत. दारातले आधी का?

२. पोटॅशियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३०५२ लागतात. लोहाच्या तिसऱ्याला २९५७. जवळपास सारखाच भाव! मग लोहाला परवडतं आणि पोटॅशियमला का नाही? पोटॅशियमचं डायक्लोराइड कुठे बघितलं नाही मी.

निवृत्त_मास्तर | शनिवार, दुपारी १:०२

दुसऱ्या प्रश्नासाठी पेढा. जेवून येतो.

घणसोलीकर | शनिवार, दुपारी २:२०

मास्तर जेवेपर्यंत मी लिहितो (पीएचडी रखडलेली आहे, वेळच वेळ).

पहिला मुद्दा आधी संपवतो. भरण्याचा क्रम आणि निघण्याचा क्रम एकच असायला हवा, हा गैरसमज आहे. अणुक्रमांक वाढत जातो तेव्हा केंद्रकातला धनभारही वाढतो आणि डी त्याच्याकडे जास्त ओढला जातो. लोहापर्यंत येईतो ४एस सरासरीने बाहेर राहिलेलं असतं. आयन झाला की फरक आणखी वाढतो. दारातला म्हणजे शेवटी आलेला नव्हे, दाराजवळचा.

दुसऱ्या मुद्द्यात खरी मजा आहे. खारूताईंनी फक्त खर्चाची बाजू मांडली. परताव्याची बाजू मांडा. पाण्यातला हिशेब घेऊ, कारण धागा बादलीचाच आहे. आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात तेव्हा ऊर्जा सुटते, तिला जलीकरणाची ऊर्जा म्हणू. फेरससाठी ती सुमारे १९५०, फेरिकसाठी सुमारे ४४००. म्हणजे एक पायरी चढल्यावर जादा परतावा साधारण २४५०. खर्च २९५७. तूट पाचशेच्या आसपास.

पोटॅशियमसाठी ही ऊर्जा जेमतेम ३२०. दुहेरी भाराचा पोटॅशियम अस्तित्वात नाही, पण शेजारच्या कॅल्शियमवरून अंदाज बांधता येतो, त्याची सुमारे १५८०. म्हणजे जादा परतावा तेराशेच्या आत. खर्च ३०५२. तूट सतराशेच्या वर! ही कोण भरणार?

परतावा भाराच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ वरून २ जाताना वर्ग १ चा ४ होतो, वाढ ३ ची. २ वरून ३ जाताना ४ चा ९, वाढ ५ ची. शिवाय वरच्या भाराचा आयन आक्रसतो आणि पाण्याला आणखी जवळ ओढतो. भाव सारखा असला तरी लोह तिसरा इलेक्ट्रॉन विकतं मोठ्या बाजारात, पोटॅशियम दुसरा विकायला निघालं तर छोट्या बाजारात.

आता लोहाची ती पाचशेची तूट. निघालेला इलेक्ट्रॉन कुणीतरी घेतो ना, तो घेणारा ती भरतो. बादलीत तो घेणारा म्हणजे हवेतला ऑक्सिजन. जमिनीखाली, बोअरच्या खडकात, ऑक्सिजन पोचत नाही. तिथे लोह फेरस म्हणून मुकाट विरघळून बसतं, म्हणून नळाला पाणी नितळ. बादलीत हवा लागली की फेरिक होतं, आणि फेरिकचं हायड्रॉक्साइड साध्या पाण्यात विरघळत नाही. तोच तुमचा तपकिरी साका.

कासारवडवलीकर | शनिवार, दुपारी ३:१०

हे मला, कॉमर्सवालीला, समजलं! खर्च, परतावा, तूट आणि तूट भरणारा पार्टनर. लेक म्हणतेय, "मग मँगनीजचं काय? त्याचे डी पाचच आहेत, चौथी सीट नाहीच." तिला डीबिडी कुठून कळलं देव जाणे, धागा माझ्या खांद्यावरून वाचतेय.

निवृत्त_मास्तर | शनिवार, दुपारी ४:००

तिला म्हणावं, शाब्बास. चौथ्या सीटचा पुरावाच तो आहे. आवर्तसारणीत मँगनीज लोहाच्या एक घर आधी. घर पुढे गेलं की इलेक्ट्रॉन काढणं सहसा महाग होतं, म्हणजे मँगनीजचा तिसरा लोहाहून स्वस्त हवा. प्रत्यक्षात मँगनीजचा ३२४८, लोहाचा २९५७. उलटं! कारण मँगनीजचे पाचही ऐसपैस बसलेले, त्यातला एक उठवायचा तर जोर लावावा लागतो. लोहाचा सहावा आधीच टेकलेला. म्हणून मँगनीज दोनवर रमतं आणि लोह तीनवर सहज जातं.

जस्ताचंही सांगून टाकतो. ९०६, १७३३, मग ३८३३. डीचे दहाही भरलेले आणि खोल गेलेले. म्हणून ते कायम दोन. तुमच्या क्लासच्या सरांना विचारा, डी गटातलं असूनही जस्ताला एकच संयुजा का. गंमत म्हणून हो, भांडू नका.

रबाळे_रात्रपाळी | शनिवार, सायंकाळी ६:४५

नमस्कार मंडळी. वर्षभर वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. टीटीसी पट्ट्यात (ठाणे-बेलापूरचा औद्योगिक भाग) वीस वर्षं झाली. आधी सर्किट बोर्डाच्या छोट्या वर्कशॉपमध्ये होतो, आता प्लेटिंगचं सांडपाणी बघतो.

तुमची पुस्तकातली परिवर्ती संयुजा म्हणजे आमचा पगार. बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढायला फेरिक क्लोराइडचं पाणी वापरायचो. ट्रे झुलवत राहायचं. फेरिक तांब्याचा इलेक्ट्रॉन घेतं आणि स्वतः फेरस होतं, तांबं विरघळतं. नवं द्रावण तांबूस तपकिरी, मरत आलं की हिरवट काळपट. रंग बघूनच कळायचं, आता बदला. हातमोजा फाटला की बोटं आठवडाभर पिवळी, बायको म्हणायची हळदीला गेला होतात का.

एक शंका आहे. पुस्तकात फेरिक क्लोराइड आयनिक म्हणतात. पण कोरड्या फेरिक क्लोराइडचा डबा उघडला की दमट हवेत धूर सुटायचा, आणि ते स्पिरिटमध्येही विरघळायचं. मीठ कुठे असं करतं?

निवृत्त_मास्तर | शनिवार, सायंकाळी ७:३०

रात्रपाळी, वीस वर्षं ट्रे झुलवणाऱ्याची नजर ही. तुमची शंका रास्त आहे.

कोरडं फेरिक क्लोराइड नावालाच आयनिक. ३०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर ते वाफ होऊन उडतं, मीठ ८०१ अंशाला नुसतं वितळतं. कारण तिहेरी भाराचा छोटासा लोह आयन क्लोराइडचा इलेक्ट्रॉन मेघ स्वतःकडे ओढून वाकडा करतो आणि बंध अर्धामुर्धा सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला) होतो. काझिमिर्झ फायान्स यांनी १९२३ च्या सुमारास हे नियम मांडले. भार जितका जास्त आणि आयन जितका लहान, तितका बंध सहसंयुजतेकडे झुकतो. कथिलात तर हे डोळ्यांनी दिसतं. दोन संयुजेचं क्लोराइड घन, चार संयुजेचं चक्क पातळ, ११४ अंशाला उकळणारं.

आणि तुमच्या प्लेटिंगमधलं क्रोमियम सहा, किंवा जुन्या विहिरीत टाकायचं ते जांभळं परमँगनेट, त्यातलं मँगनीज सात. हे सुटे आयन नाहीत बरं. सहा इलेक्ट्रॉन काढून उघडा केलेला क्रोमियम पाण्यात फिरतोय असं चित्र काढू नका. तो ऑक्सिजनच्या गराड्यात बंधांनी जखडलेला असतो. सहा हा फक्त हिशेबापुरता आकडा.

रबाळे_रात्रपाळी | शनिवार, रात्री ८:१०

बरोबर सर. आमचं सांडपाणी येतं पिवळं. आधी आम्ल टाकून पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल) तीनच्या खाली आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. पिवळ्याचं हिरवं झालं की सहाचं तीन झालं. मग चुना टाकून गाळ बसवायचा. सहा विषारी आणि पाण्याबरोबर पसार होणारं, तीन तळाशी बसणारं. धातू तोच, फक्त इलेक्ट्रॉन तीनाने जास्त. नवीन पोरांना मी हेच सांगतो, रंग बदलल्याशिवाय चुन्याला हात लावायचा नाही.

खारीगावची_खारूताई | शनिवार, रात्री ९:००

तांबं राहिलं. त्याला एकवर थांबणं सोपं असायला हवं, डीचे दहाही पूर्ण होतात. मग मोरचूद (कॉपर सल्फेट) दोनचं का?

घणसोलीकर | शनिवार, रात्री ९:४८

कारण डी पूर्ण झाल्याचं बक्षीस पाण्याच्या परताव्यापुढे तोकडं पडतं. तांब्याचा दुसरा इलेक्ट्रॉन १९५८. क्युप्रिक झाल्यावर पाण्याकडून जादा मिळतात सुमारे १५००. तूट साडेचारशेच्या आसपास, आणि ती भरायला शेजारचा क्युप्रसच तयार असतो. पाण्यात क्युप्रस सुटा ठेवला तर दोन क्युप्रस मिळून एक क्युप्रिक आणि एक धातूचा कण होतो. आपसातच व्यवहार!

पण साथीदार बदला आणि निकाल फिरतो. बारावीचं प्रॅक्टिकल आठवा. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड टाकलं की सगळं गढूळ तपकिरी होतं. आयोडाइड इतकं सैल हाताचं की स्वतःचा इलेक्ट्रॉन क्युप्रिकला देऊन टाकतं. क्युप्रस आयोडाइडचा साका, वर मोकळं आयोडीन. मग थायो (सोडियम थायोसल्फेट) टाकत बसायचं, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. शेवटी चंचुपात्रात उरतो तो मळकट पांढरा साका क्युप्रसचा. म्हणून क्युप्रिक आयोडाइड बाटलीत मिळत नाही, क्युप्रिक फ्लोराइड मात्र मिळतं. धातू एकटा ठरवत नाही.

कोपरीची_काकू | शनिवार, रात्री १०:१५

तुम्ही सगळे हुशार आहात, पण माझ्या आजीचं ऐका. हिरडे कुटून भिजवायचे, लोखंडी कढईत उकळायचे, त्यात हिराकस घालायचा. शाई तयार. लिहिताना फिकी, कागदावर वाळली की काळीभोर. हे पण तुमचं तेच का?

निवृत्त_मास्तर | शनिवार, रात्री १०:४०

अगदी तेच. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. हिरड्यातल्या टॅनिनशी फेरसचा रंग फिका, हवेने फेरिक झालं की काळा. बोअरच्या पाण्याचा चहा काळपट होतो तो याच घराण्यातला.

आणि तुमच्या ब्लीचचं: कपड्यावर थोडं लोह अजून फेरस असतं, ब्लीच त्याचंही फेरिक करून धाग्यात बसवतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल फेरिकला धरून विरघळवून नेतं.

जाता जाता शेंदूर. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. त्यात दर तीन शिशांपैकी दोघांची संयुजा दोन आणि एकाची चार, एकाच दाण्यात दोन्ही नांदतात. शिसं डी गटातलं नाही, तरी त्याला दोन संयुजा! म्हणून "संक्रामक आहे म्हणून" हे उत्तर अपुरं. शिशाच्या बाबतीत बाहेरचे दोन पी इलेक्ट्रॉन सहज जातात, आणि ६एसची जोडी घट्ट बसून राहते. शेंदूर पोटात जाऊ देऊ नका मात्र, शिसं ते शिसंच.

घणसोलीकर | शनिवार, रात्री ११:२०

मास्तर, यात भर घालायचा मोह आवरत नाही. ती जोडी घट्ट का, तर शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन. अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ६० टक्क्यांनी पळतात. तिथे आइनस्टाइनची सापेक्षता लागू होते आणि एस कक्षिका आक्रसतात. चार संयुजेचं शिसं त्यामुळे इलेक्ट्रॉन परत मिळवायला आतुर. तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत हेच चालतं. एका पट्टीवर चार संयुजेचं शिसं, दुसऱ्या पट्टीवर नुसता धातू, दोघंही दोनवर येतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार बॅटरीच्या एका घराच्या (सेलच्या) २.१ पैकी १.७ ते १.८ व्होल्ट या सापेक्षतेमुळेच मिळतात. लाईट गेली की आइनस्टाइनला नमस्कार करा.

चौथी_सीट | शनिवार, रात्री ११:३१

आमच्याकडे लाईट गेली की सोसायटीच्या चेअरमनला करतात. नमस्कार नव्हे.

कासारवडवलीकर | रविवार, दुपारी १२:०५

अपडेट. लेकीने सकाळी प्रयोग केला. बोअरच्या ताज्या पाण्याचे तीन स्टीलचे पेले. एक तसाच. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा. तिसऱ्यात अर्धं लिंबू. सोड्याचा पेला अर्ध्या तासात पिवळा पडला, साधा दोन तासांनी, लिंबाचा आत्ताही नितळ आहे. सोड्याचं कारण काय?

घणसोलीकर | रविवार, दुपारी १२:४०

पाणी जितकं आम्लारिधर्मी, तितका ऑक्सिजन फेरसवर लवकर तुटून पडतो. नेहमीच्या पाण्याच्या टप्प्यात पीएच एकाने वाढला की वेग साधारण शंभरपट. लिंबाने पीएच खाली नेला आणि जे थोडं फेरिक झालं त्यालाही धरून ठेवलं. सेक्रेटरींना सांगा, पाणी टाकीत सोडताना उंचावरून फवारून हवा खेळवा आणि मग वाळूच्या फिल्टरमधून घ्या. साका टाकीतच बसेल, मोरीत नाही.

कासारवडवलीकर | रविवार, दुपारी १:१५

सांगितलं. म्हणाले, पुढच्या जनरल बॉडीत विषय घेऊ. लेकीने तिन्ही पेल्यांचे फोटो छापून आणायला सांगितलेत, सभेला ती पण येणार आहे म्हणे.

कोपरीची_काकू | रविवार, दुपारी १:२२

तिसरा पेला ओतू नकोस. त्यानेच मोरीतली बादली घास.